उलट्या पानाचा नियम

भविष्य सांगण्याच्या टॅरोच्या पत्त्यांत डोकं खाली आलेल्या पानाला निराळा अर्थ असतो, ही समजूत टॅरोइतकी जुनी नाही. ती टॅरोपेक्षा तीन शतकांनी लहान आहे आणि ती कोणी रुजवली हेही नावानिशी सांगता येतं. तरीही आज पुण्या-मुंबईत टॅरोचं रीडिंग घ्यायला बसलेल्या माणसाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती ‘कार्ड रिव्हर्स आलं तर?’ हीच. मुलीच्या लग्नाचा प्रश्न असो, नोकरी सोडण्याचा असो की परदेशी गेलेल्या मुलाचा. पान सुलट आलं की चेहरा खुलतो, उलट आलं की उतरतो. या धास्तीला आधार किती आणि ती कोणाच्या उपयोगाची, हे तपासायला हवं. माझं म्हणणं असं आहे की उलट्या पानात भाकीत नसतं. त्यात असतो फक्त वाचण्याचा एक नियम, आणि तो पान पडण्याआधी ठरलेला, समोरच्याला सांगितलेला असेल तरच उलट्या पानाला काही किंमत आहे.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत तयार झाले. 1440 पासूनच्या काही वर्षांतल्या फ्लॉरेन्स आणि फेराराच्या कागदपत्रांत त्यांचे उल्लेख सापडतात. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले संच आजही संग्रहालयांत आहेत. हे सगळं होतं खेळासाठी. तलवारी, पेले (कप्स), काठ्या (वाँड्स) आणि नाणी अशा चार रंगांची छप्पन्न पानं, त्यांवर मात करणारे एकवीस कायमचे हुकूम आणि एक मूर्ख. उतारी करायची, हात करायचे, शेवटी गुण मोजायचे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली टॅरोच्या खेळाचा मोठा इतिहास लिहिला आणि भविष्य सांगण्याचा व्यवहार या पत्त्यांना किती उशिरा चिकटला हे पुराव्यांनिशी मांडलं. मूळचे खेळाडू पान उलट आलं तर काय करत असतील? हातातल्या हातात ते फिरवून सरळ करत असतील, दुसरं काय! पण पान फिरवलं की आपल्या हातात चित्राचं पान आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळतं. ही अडचण दूर करायला पत्ते बनवणाऱ्यांनी राजा-राणी दोन्ही टोकांना डोकं असलेले काढायला सुरुवात केली आणि एकोणिसाव्या शतकात ती पद्धत सर्वत्र रुळली. आपल्या घरातल्या रमीच्या पत्त्यांवर आज तेच दुतोंडी राजे आहेत. म्हणजे खेळणारे लोक उलट-सुलट हा भेद पुसून टाकत होते, त्याच काळात भविष्य सांगणारे त्याला अर्थ देत होते.

आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफ्याची इथे आठवण येते. दशावतारी गंजिफ्याची एकशेवीस पानं गोल असतात. गोल पानाला वरची कड नाही आणि खालची कड नाही. त्यावरचा मत्स्य किंवा वामन कसाही येवो, खेळाडू तो ओळखतो आणि पुढे जातो. पान कोणत्या बाजूने आलं याला अर्थ चिकटण्यासाठी आधी ते लांबट असावं लागतं, त्यावर डोकं आणि पाय ओळखू येणारं चित्र असावं लागतं, आणि शिवाय अर्थ हवा असणारा माणूस लागतो.

तो माणूस पॅरिसमध्ये भेटतो. झाँ-बाप्तिस्त आलिएत. त्याने आपल्या आडनावाची रोमन अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिली आणि ‘एत्तेया’ हे नाव घेतलं. स्वतःचं नावच ज्याने उलटं केलं, त्याने पत्ते उलटे वाचायला शिकवावं हा योगायोग मला फार बोलका वाटतो. 1770 साली त्याचं पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक निघालं. ते टॅरोचं नव्हतंच. पिके नावाच्या खेळाच्या बत्तीस पानांचं होतं, त्यात प्रश्न विचारणाऱ्यासाठी आणखी एक पान. प्रत्येक पानाला दोन अर्थ, एक सुलट आणि एक उलट. असं का केलं असावं, याचं साधं उत्तर मला त्या आकड्यातच दिसतं. बत्तीस शब्दांत माणसाचं आयुष्य बसत नाही. पानं फिरवली की चौसष्ट होतात. पुढे त्याने टॅरो हाती घेतला आणि 1789 च्या सुमारास स्वतःचा संच छापला. त्यात पानाच्या एका टोकाला सुलट अर्थाचा शब्द आणि दुसऱ्या टोकाला उलट अर्थाचा शब्द छापलेला. वाचणाऱ्याने चित्र पाहायचीही गरज नाही. वर येईल तो शब्द वाचायचा. उलट्या पानाची प्रथा रुजण्यात या छपाईचा वाटा मोठा आहे, आणि तिचा दोषही तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं. पान फिरलं की अर्थ यांत्रिकपणे बदलतो, ही सवय तिथे लागली.

त्याच सुमारास, 1781 मध्ये, आन्त्वान कूर द जेब्लँ या विद्वानाने आपल्या प्रचंड ग्रंथमालेच्या आठव्या खंडात टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं जाहीर केलं. त्याला पुरावा काहीच नव्हता. इजिप्शियन चित्रलिपी तेव्हा युरोपात कोणाला वाचताही येत नव्हती. पण त्याची एक गोष्ट आपल्या विषयाच्या थेट गाभ्याची आहे. बाराव्या पानावर एका पायाने उलटा टांगलेला माणूस असतो. जेब्लँच्या मते ही छापणाऱ्यांची चूक होती. मुळात तो एक पाय उचलून, पुढचं पाऊल कुठे टाकावं याचा विचार करत उभा असलेला माणूस, म्हणजे विवेक हा सद्गुण. कोणा अडाणी कारागिराने तो उलटा केला. खरं तर एका पायाने उलटं टांगलेल्या माणसाचं चित्र काढणं ही इटलीत द्रोह्यांना बदनाम करण्याची जुनी रीत होती, आणि त्या पानाला इटलीत ‘द्रोही’ असंही म्हणत. पान जसं होतं तसंच बरोबर होतं. पंडिताला मात्र ते फिरवल्याशिवाय चैन पडेना. टॅरोच्या वाचकांनी हा प्रसंग कायम लक्षात ठेवावा असा आहे, कारण चित्राने काय सांगायला हवं हे आधीच ठरलेलं असलं की पान कसंही ठेवलं तरी आपल्याला हवा तोच अर्थ निघतो.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. आज भारतात ज्याला सरसकट ‘टॅरो डेक’ म्हटलं जातं तो संच लंडनमध्ये डिसेंबर 1909 मध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वर्षानुवर्षं तो ‘रायडर-वेट’ या नावाने विकला गेला. प्रकाशकाचं नाव त्यात आहे, लेखकाचं आहे, चित्रकर्तीचं नाही. पामेला तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. इतक्या मोठ्या कामाचा फार थोडा मोबदला त्यांना मिळाला आणि 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या गरिबीतच वारल्या. पानांच्या कोपऱ्यात त्यांची वेलबुट्टीसारखी आद्याक्षरं तेवढी राहिली. हा अन्याय इथे सांगण्याचं कारण निव्वळ हळहळ नाही. उलट्या पानाचा प्रश्न सुटायचा असेल तर तो वेट यांच्या शब्दांतून सुटणार नाही. सुटला तर पामेलांच्या चित्रांतून सुटेल.

वेट यांनी संचासोबत दिलेल्या पुस्तकात, आणि 1911 च्या सचित्र आवृत्तीत, प्रत्येक पानाचा सुलट आणि उलट अर्थ दिला आहे. ते अर्थ एकामागोमाग वाचले की नियम शोधता शोधता डोकं चक्रावतं. मृत्यूचं पान उलट आलं की जडत्व, निद्रा, गोठलेपण. हा झाला पुढे न सरकण्याचा अर्थ आणि तो पटतोही. सूर्य उलटा आला तर तेच सुख, पण कमी प्रमाणात. म्हणजे इथे उलट म्हणजे उणं. कोसळणाऱ्या बुरुजाचं पान उलट आलं तरी एका मते तेच संकट, थोडं सौम्य. शिवाय जुलूम आणि तुरुंगवासही. तलवारींची दश्शी सुलट आली तर दुःख आणि उद्ध्वस्तता, उलट आली तर चक्क लाभ आणि यश, फक्त टिकाऊ नाही. इथे उलट म्हणजे विरुद्ध. तलवारींचा एक्का उलट आला तर अर्थ तोच, पण परिणाम घातक. वाँड्सची चौवी उलट आली तर अर्थात काही बदल नाही, असं वेट स्वतःच लिहितात. नशिबाचं चाक उलटं आलं तर वाढ आणि विपुलता! एकाच पुस्तकात कुठे उलट म्हणजे विरुद्ध, कुठे कमी, कुठे अडलेलं, कुठे जास्त आणि कुठे तसंच. याचं कारण समजण्यासारखं आहे. छोट्या, म्हणजे चार रंगांच्या, पानांचे बरेचसे अर्थ वेट यांनी एत्तेयापासून चालत आलेल्या याद्यांमधून घेतले. चित्रं नवी आणि शब्द जुने, अशी ती जोडणी होती. त्यामुळे आज ‘पुस्तकात असं दिलंय’ एवढं सांगून कोणी उलट्या पानाचा निकाल देत असेल, तर तो निकाल कोणत्या नियमाने आला हे ते पुस्तकही सांगू शकत नाही.

शब्दांवरून हातांकडे येऊ. पान उलटं होतं कसं? पत्ते नेहमीसारखे हातात घेऊन वरखाली पिसले तर एकही पान फिरत नाही. संच सगळा सुलट असेल तर तो आयुष्यभर सुलटच राहील. गठ्ठ्याचे दोन भाग करून त्यांतला एक मुद्दाम फिरवला, किंवा टेबलावर सगळी पानं पसरून गोल गोल कालवली, तरच उलटी पानं तयार होतात. त्यातही पान उघडताना पुस्तकाच्या पानासारखं बाजूने पालटलं तर दिशा कायम राहते आणि खालून वर पालटलं तर ती बदलते. हाताच्या एका लकबीने सुलटाचं उलट होतं. दहा पानांची प्रसिद्ध केल्टिक क्रॉस मांडणी घ्या. तिच्यात दुसरं पान पहिल्यावर आडवं ठेवतात. ते उलटही नसतं, सुलटही नसतं. बहुतेक वाचक ते सुलट समजून पुढे जातात आणि उरलेल्या नऊ पानांचा मात्र काटेकोर हिशेब करतात. शिवाय टेबलाच्या पलीकडे जो बसला आहे, ज्याचा प्रश्न आहे, त्याला सगळी पानं वाचकाच्या नेमकी उलट दिसतात. सुलट म्हणजे कोणाच्या बाजूने सुलट? ज्याच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललं आहे त्याच्या बाजूने तर नाहीच.

यावर टॅरो मानणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं. हातांच्या हालचालीसुद्धा निव्वळ योगायोग नसतात, पान जसं यायचं तसंच येतं. हे उत्तर मी हलक्यावारी बाजूला सारत नाही, पण त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करून पाहावा. एखादी वाचक कधीच गठ्ठा फिरवत नसेल, तर तिच्याकडे येणाऱ्या शेकडो माणसांना एकही उलटं पान येणार नाही. शेजारच्या गल्लीतली दुसरी वाचक प्रत्येक वेळी अर्धा गठ्ठा फिरवत असेल, तर तिच्याकडच्या माणसांची निम्मी पानं उलटी येतील. मग पहिलीकडच्या लोकांचे अडथळे नाहीसे झाले का? लोकांची दुःखं वाचकाच्या पिसण्याच्या सवयीप्रमाणे वाटली जातात, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग फार पूर्वीच निघाला होता. 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळात पान कसं पडलं यापेक्षा त्याच्या शेजारी कोणतं पान आहे याला महत्त्व होतं. शेजारचं पान मित्रतत्त्वाचं असेल तर अर्थ बळकट, शत्रुतत्त्वाचं असेल तर दुबळा. वेट स्वतः त्या मंडळात होते. त्याच मंडळातून आलेल्या अलेस्टर क्रोली यांनी लेडी फ्रिडा हॅरिस यांच्याकडून काढून घेतलेल्या संचाचा पाया हाच. आजही कित्येक उत्तम वाचक उलटी पानं सरळ करून घेतात आणि अठ्ठ्याहत्तर पानं मला पुरेशी आहेत असं सांगतात. ही भूमिका प्रामाणिक आहे. मला ती पुरेशी मात्र वाटत नाही, आणि त्याचं कारण पामेलांची चित्रं आहेत.

जुन्या मार्सेय संचात नाण्यांच्या पंजावर पाच नाणी आणि थोडी पानाफुलांची नक्षी असे, माणूस किंवा प्रसंग नसे. पानं अशी की कित्येकदा उलट-सुलट ओळखूही येत नसे. पामेलांनी छोट्या पानांवरही माणसं आणली, प्रसंग आणले. त्यामुळे एक्क्यापासून दश्शीपर्यंतची चाळीस पानंही खऱ्या अर्थाने उलटी दिसू लागली. तो फाशीला नसलेला, शांत चेहऱ्याचा टांगलेला माणूस फिरवून पाहा. डोक्याभोवतीचं तेज वर येतं, हात पाठीमागे, एक पाय दुमडलेला, आणि तो उभा राहिल्यासारखा दिसतो, जवळजवळ नाचल्यासारखा. सुलट पानात त्याने स्वतःहून स्वीकारलेली तटस्थता आहे, उलट पानात तीच देहाकृती जगात उभी आहे आणि तिच्या पायाला अजून दोर आहे. कप्सचा एक्का फिरवा. भरून वाहणारा पेला रिकामा होतो आणि खाली येणारं कबूतर वर निघून जातं. बुरुजावरून कोसळणारी माणसं फिरवल्यावर वर झेपावल्यासारखी दिसतात, पण पेटलेला बुरुज तसाच पेटलेला राहतो. चाकाचं पान तर विलक्षण आहे. चाक फिरवलं तरी चाकच. फक्त डावीकडून खाली उतरणारा साप उजवीकडून वर चढू लागतो, आणि वर विराजमान झालेला स्फिंक्स तळाला जातो. हे पाहताना समोरच्या माणसाच्या तोंडून जे निघतं, तेच टॅरोचं खरं धन आहे. ‘हा वर चढतोय की पडतोय?’ असं कोणी विचारलं की तो आपल्याच परिस्थितीबद्दल बोलू लागलेला असतो.

ही पद्धतसुद्धा सगळीकडे लागू पडत नाही. कप्सच्या पंजात काळा झगा पांघरलेली आकृती सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहत उभी आहे आणि मागे दोन पेले उभे आहेत. हे पान उलट आलं की हल्ली सर्रास सांगतात, आता तुमचं लक्ष उरलेल्या दोन पेल्यांकडे जाईल, दुःख संपत आलं. अर्थ दिलासा देणारा आहे, पण चित्रात तो नाही. पान फिरवलं की ते दोन पेलेही पालथे होतात. इथे वाचक चित्र वाचत नाही, आपली सदिच्छा वाचतो. सदिच्छा चांगली असली तरी ती आपली म्हणून सांगावी, पानाच्या तोंडी घालू नये.

उलटी पानं वाचण्याच्या किती रीती आहेत? अमेरिकेतल्या मेरी के. ग्रीअर यांनी 2002 साली फक्त उलट्या पानांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि बारा रीती मांडल्या. अडलेलं, लांबलेलं, आतल्या आत चाललेलं, दुसऱ्यावर लादलेलं, नाकारलेलं, मोडून बाहेर पडलेलं, अशा तऱ्हेच्या त्या बारा वाटा. पुस्तक कष्टाचं आहे आणि शिकणाऱ्याचे डोळे उघडणारं आहे. पण या बारा वाटा जर पान पडल्यानंतर निवडायच्या असतील, तर वाचक कधीच चुकू शकत नाही. लग्न जमलं तर ‘विलंब संपला’, नाही जमलं तर ‘अडथळा होताच’, मुलीने स्वतःच नकार दिला तर ‘आतला विरोध’. जे कधीच चुकू शकत नाही त्याला भाकीत म्हणता येत नाही. माझ्या अंतःप्रेरणेने योग्य वाट निवडली जाते, असं वाचक म्हणतील. निवडली जात असेलही; पण ती प्रेरणा मग वाचकाची आहे, पानाची नाही, आणि तिची जबाबदारीही वाचकाचीच.

नियम आधी बांधला तर काय होतं, याचा दाखला आपल्याच घरात आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका. कोणती कोणाची एवढंच ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्म्याच्या आसपास निघाली असती. टॅरोचं सुलट-उलट हेही दोनच बाजूंचं आहे, आणि ते भविष्य सांगतं असा दावा असेल तर तो याच तराजूत बसवायला हवा.

कोकणात आणि गोव्यात अनेक देवळांत कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या किंवा पानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवीकडचं पडलं तर उजवा कौल, डावीकडचं पडलं तर डावा. मी कौलाला भाकीत मानत नाही. पण त्यात एक सचोटी आहे, जी टॅरोच्या टेबलावर हरवते. प्रश्न मोठ्याने, सगळ्यांसमोर मांडला जातो. उजवं म्हणजे काय आणि डावं म्हणजे काय हे पाकळी पडण्याआधी सगळ्या गावाला ठाऊक असतं. पाकळी पडल्यावर पुजारी ‘हा डावा कौल, पण आतल्या अर्थाने उजवा’ असं म्हणू शकत नाही. टॅरोमध्ये नियम वाचकाच्या खिशात असतो आणि समोरच्याची धास्ती टेबलावर. त्यात आपल्याकडे वक्री शनी, मंगळ, साडेसाती ही शब्दावली आधीच अंगवळणी पडलेली. ‘रिव्हर्स’ हा शब्द कानावर आला की माणूस आपोआप तिच्याकडे वळतो, आणि तिथून उपायाचा खर्च एका वाक्यावर उभा असतो. अमुक खडा, अमुक मेणबत्ती, आणखी एक सशुल्क रीडिंग. हा व्यापार उलट्या पानावर चालतो, आणि तो ओळखूनच हे लिहावंसं वाटलं.

म्हणून टॅरो वाचणाऱ्यांकडे माझी मागणी थोडी आहे. गठ्ठा हातात घेण्याआधी सांगा, उलटी पानं धरणार की नाही. धरणार असाल तर कोणत्या एका रीतीने? अडलेलं म्हणून, कमी म्हणून की आतलं म्हणून? एक रीत निवडा आणि त्या बैठकीत ती बदलू नका. पानं तुम्ही मुद्दाम फिरवली आहेत हे समोरच्याला दाखवा. ते लपवण्यासारखं नाही. पान उघडलं की अर्थ सांगण्याआधी ते त्याच्या हातात द्या आणि त्याला स्वतः ते दोन्ही बाजूंनी पाहू द्या. फिरवलेल्या चित्रात काही वेगळं दिसत नसेल, तर ते पान सुलट समजून वाचा आणि तसं स्पष्ट सांगा. आणि पैसे देऊन समोर बसणाऱ्याने पहिलं पान उघडण्याआधी एवढं जरूर विचारावं, ‘उलटं आलं तर तुम्ही ते कोणत्या नियमाने वाचणार?’ हा प्रश्न विचारल्यावर जो वाचक चिडेल, त्याच्याकडून उठून यायला हरकत नाही. जो उत्तर देईल, त्याच्याशी तासभर बोलायला हरकत नाही. त्या तासात भविष्य कळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असेल आणि तरी बोलण्यासारखं पुष्कळ निघेल.